रॅट काळं-पांढरं ओळखतो ते मेंदूच्या कोणत्या भागाने? जरा सविस्तर सांगतो

तुझा प्रश्न वाचला. थोडक्यात असा, की तू शिरपूरकडे एम.फार्म. करतोयस, प्रोजेक्टमध्ये रॅटला दोन कार्डांपैकी बरोबर कार्ड निवडायला शिकवायचंय आणि त्यावर स्कोपोलामाइन (स्मरणशक्ती तात्पुरती बिघडवणारं औषध) देऊन काय होतं ते बघायचंय, आणि गाईडने सांगितलं की या शिकण्यात मेंदूचा कोणता भाग काम करतो ते लिहून आण. तू शोधलं तर एका पुस्तकात व्हिज्युअल कॉर्टेक्स (मेंदूच्या वरच्या थरातला बघण्याचा भाग), दुसऱ्यात व्हिज्युअल कॉर्टेक्स काढून टाकला तरी रॅट शिकतो, तिसऱ्यात स्ट्रायटम (मेंदूच्या आतला, सवयींशी जोडलेला भाग) आणि चौथ्यात हिप्पोकॅम्पस (जागांच्या आठवणीशी जोडलेला भाग). मग खरं कोणतं?

चारही बरोबर आहेत भो. घोळ उत्तरात नाही, प्रश्नात आहे. मी तुझ्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात वीसेक वर्षं अ‍ॅनिमल हाऊसमध्ये रॅट शिकवत आलोय आणि "कोणता भाग" हा प्रश्न घेऊन येणारी पोरं दरवर्षी भेटतात. त्या सगळ्यांना मी आधी केळीच्या बागेत नेतो, म्हणजे बोलण्यात. रावेर-यावलकडची ड्रिपवरची बाग डोळ्यासमोर आण. डीपीवरचा, म्हणजे वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज गेला तर सगळी बाग कोरडी. फिल्टर चोक झाला तर पाणी येतं पण जोर नाही, लांबच्या ओळी सुकतात. एखादी लॅटरल, म्हणजे ओळीतली बारीक नळी, उंदरांनी कुरतडली तर तेवढी एकच ओळ जाते. तिन्ही वेळा झाड सुकलं, पण म्हणून फ्यूजमध्ये पाणी साठलेलं असतं असं कोणी शेतकरी म्हणणार नाही. मेंदूबाबत मात्र आपण हेच म्हणतो, हा भाग खराब केला, रॅट चुकला, म्हणजे शिकणं या भागात राहतं. तसं नसतं. कार्ड दिसणं, दोन कार्डातला फरक कळणं, कोणत्या कार्डामागे खायला मिळतं ते जोडलं जाणं, तिकडे वळणं, आणि उद्या नियम बदलला तर जुनं सोडून देणं, ही वेगवेगळी कामं आहेत आणि वेगवेगळ्या भागांवर आहेत. कोणतंही एक बिघडलं तरी तुझ्या वहीत "चूक" एवढंच लिहिलं जातं.

आता तुझ्या पहिल्या दोन पुस्तकांचं भांडण मिटवू, कारण सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट तिथेच आहे. कार्ल लॅश्ली नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ, १९२९ साली त्याचं रॅटच्या मेंदूवरचं मोठं पुस्तक आलं. त्याने रॅटला उजेड असलेली वाट आणि अंधारी वाट यातला फरक शिकवला, मग मेंदूचा मागचा भाग, म्हणजे जिथे व्हिज्युअल कॉर्टेक्स असतो तो काढला. रॅट शिकलेलं विसरले. इथपर्यंत कोणालाही वाटेल की झालं, आठवण तिथे होती. पण त्याच रॅटना परत शिकवलं तर ते जवळपास पहिल्या इतक्याच ट्रायल्समध्ये परत शिकले! आणि ज्यांचा तो भाग शिकवायच्या आधीच काढला होता ते सुद्धा नॉर्मल रॅटच्याच वेगाने शिकले. म्हणजे तो भाग शिकण्यासाठी लागत नाही, पण तो असताना शिकलं तर नंतर तो गेल्यावर आठवण जाते. हे कोडं बरीच वर्षं तसंच पडून होतं.

ते सोडवायला १९६४ साली बाउअर आणि कूपर या दोघांनी जे केलं ते मला आजही फार आवडतं, कारण त्यात महागडं मशीन काहीच नाही, फक्त विचार आहे. त्यांनी रॅटच्या डोळ्यांवर दुधी काचेसारखी झाकणं लावली, म्हणजे उजेड किती आहे ते कळेल पण कडा, आकार, कार्ड कुठे संपतं हे काही दिसणार नाही. असं झाकून शिकवलं आणि मग व्हिज्युअल कॉर्टेक्स काढला, तर या रॅटची आठवण शिल्लक राहिली. आता विचार कर. उघड्या डोळ्याने शिकणारा रॅट कार्डाकडे बघून शिकतो, त्याच्या कडा, त्याचं रूप, आणि हे कॉर्टेक्सचं काम. कॉर्टेक्स गेला की ते रूपच त्याला दिसत नाही, मग तो नव्याने फक्त एकूण उजेडावर शिकतो, जे काम खालचे भाग करू शकतात. म्हणजे विसरला असं जे आपल्याला वाटलं ते विसरणं नव्हतंच, ज्या खुणेवर तो शिकला होता ती खूणच गेली होती. गावातला वडाचा पार पाडला तर बाहेरून येणारा माणूस वळण चुकतो, त्याची स्मरणशक्ती गेली असं आपण म्हणतो का?

म्हणून तू काळं-पांढरं कार्ड वापरणार असशील तर लक्षात ठेव की ती टेस्ट व्हिज्युअल कॉर्टेक्सची नाही. एकूण उजेडाचा फरक ओळखायला कॉर्टेक्सच्या खालचे रस्ते पुरतात. रॅटच्या डोळ्यातून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या गँग्लियन पेशींपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पेशींचे धागे कॉर्टेक्सच्या खालच्या सुपिरियर कॉलिक्युलस या भागाकडे जातात, आपल्यासारखं नाही, आपल्यात बहुतेक सगळा माल थॅलॅमस या मधल्या भागातल्या जेनिक्युलेट नावाच्या ठाण्यातून कॉर्टेक्सकडे जातो. कॉलिक्युलस बिघडवला तर रॅटला बाजूने आलेल्या गोष्टीकडे मान वळवणं जमत नाही, पण समोर ठेवलेल्या दोन कार्डातला फरक तो बऱ्यापैकी ओळखतो. उलट उभ्या पट्ट्या विरुद्ध आडव्या पट्ट्या, त्रिकोण विरुद्ध गोल, असं दिलं की जिथे दोन्हीकडे उजेड सारखाच असतो, तिथे व्हिज्युअल कॉर्टेक्स पूर्ण काढलेला रॅट अडकतो. आणि इथेही लॅश्लीनेच दाखवलं की त्या कॉर्टेक्सचा अगदी छोटा तुकडा, साधारण पन्नासावा हिस्सा, जरी शिल्लक राहिला तरी आकार ओळखणं चालू शकतं. म्हणून ऑपरेशननंतर मेंदूचे काप घेऊन नेमकं किती गेलं ते बघितल्याशिवाय "काढलं पण फरक पडला नाही" असं लिहूच नये.

इथे रॅटच्या नजरेबद्दल बोललंच पाहिजे कारण निम्मे प्रोजेक्ट इथे मरतात. रॅटची नजर आपल्या मानाने फार धूसर. नॉर्मल माणसाला एका अंशात तीस पट्ट्यांच्या जोड्या वेगळ्या दिसतात, लाँग-इव्हान्ससारख्या काळ्या डोक्याच्या रॅटला साधारण एक, आणि आपण वापरतो त्या पांढऱ्या विस्टार किंवा स्प्रेग-डॉलीला अर्धी. आता याचा हिशोब कर, रॅट कार्डापासून ३० सेंटीमीटरवरून निर्णय घेत असेल तर एक अंश म्हणजे तिथे साधारण ५ मिलिमीटर. म्हणजे विस्टारसाठी काळी अधिक पांढरी मिळून एक जोडी निदान १ सेंटीमीटर, आणि ही तर शेवटची मर्यादा झाली, आरामात दिसायला त्याच्या तिप्पट-चौपट जाड पट्टी दे. लाल-हिरवं कार्ड तर बिलकुल नको, रॅटच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी, म्हणजे कोन (cone), दोनच प्रकारच्या आहेत, एक अल्ट्राव्हायोलेटकडची आणि एक हिरव्याकडची. तुला जो लाल रंग भडक दिसतो तो त्याला जवळपास काळा.

आणि खान्देशातल्या माणसाला एक गोष्ट जास्तच सांगावी लागते. ऊन. नोएल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखवलं की सतत उजेडात ठेवलेल्या पांढऱ्या रॅटचा रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, खराब होतो आणि अंगाचं तापमान वाढलेलं असेल तर नुकसान अजून लवकर होतं. हे मी वाचलेलं होतं तरी मला ते स्वतः भोगल्यावरच कळलं. मे महिना, बाहेर पारा ४४ च्या वर, एका ठिकाणी आम्ही काम करत होतो तिथला लाईटचा टायमर अडकला आणि ट्यूबलाईट आठवडाभर चोवीस तास चालू राहिल्या, सुट्ट्यांमुळे कोणाच्या लक्षात आलं नाही, लाईट जाई तेव्हा एसी पण बंद. नंतर वरच्या रॅकमधले रॅट पॅटर्न शिकेनात, खालच्या रॅकमधले शिकत होते. आम्ही तीन आठवडे औषधाचा परिणाम म्हणून ग्राफ काढत बसलो. शेवटी औषध न दिलेले वरच्या रॅकमधले रॅट पण चुकतात हे दिसलं तेव्हा डोळे तपासले. मेंदूचा काही संबंधच नव्हता, ते जनावर आंधळं होत होतं. त्या रॅटचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी पिंजऱ्यांच्या जागा दर आठवड्याला फिरवतो आणि टायमरची नोंद रोज सही करून ठेवतो, तू पण ठेव.

बरं, पुढे जाऊ. प्रायमरी व्हिज्युअल कॉर्टेक्सच्या बाहेरच्या बाजूला, कानाकडे सरकत गेलं की आणखी काही व्हिज्युअल पट्टे आहेत. पूर्वी असं समजायचे की रॅट आकार वगैरे काही नीट ओळखत नाही, पण झोकोलान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून दाखवलं की रॅट एखादी वस्तू शिकला की ती लहान-मोठी केली, फिरवली तरी ओळखतो, आणि पुढे या बाजूच्या पट्ट्यांमधल्या पेशी जसजसं बाहेर जावं तसतशा आकाराला धरून राहतात, उजेडाला कमी, असं दिसलं. माकडात जी वस्तू ओळखायची वाट आहे तिचीच ही साधी आवृत्ती म्हणायची.

त्याच्याही पुढे पेरीरायनल कॉर्टेक्स. हा भाग कधी लागतो ते समजायला बामणोदचं भरिताचं वांगं घे. बाजारात नुसतं हिरवं बघून घेतलं तर फसशील, हिरवी वांगी दुसरी पण असतात, नुसतं मोठं बघून घेतलं तरी फसशील. रंग, आकार, तुकतुकी, हातात घेतल्यावरचं वजन, हे सगळं मिळून "हे भरिताचं" असं ठरतं. रॅटला पण जेव्हा दोन वस्तूंमध्ये बरेच भाग सारखे असतात आणि फक्त जोडणी वेगळी असते तेव्हा पेरीरायनल बिघडलेला रॅट चुकतो, आणि एकाच खुणेवर काम भागत असेल तर चुकत नाही. म्हणून "पेरीरायनल काढला, काही झालं नाही" आणि "पेरीरायनल काढला, सगळं गेलं" असे दोन्ही पेपर तुला मिळतील, भांडू नको, आधी त्यांची कार्डं बघ.

आता स्ट्रायटम आणि हिप्पोकॅम्पस. तुझी तिसरी आणि चौथी पुस्तकं. इथे पॅकार्ड, हर्श आणि व्हाईट यांचं १९८९ चं काम आणि मॅकडॉनल्ड-व्हाईट यांचं १९९३ चं काम नक्की वाच. आठ वाटांचा रेडियल मेझ, म्हणजे मधून आठ वाटा फुटणारा भूलभुलैया, त्यात एका प्रकारात ज्या वाटेवर दिवा लागलाय तिथेच खायला, वाट कोणतीही असो. हे बघ, हे तुझ्या कार्डाच्या टास्कच्या अगदी जवळचं आहे, खूण दिसली की तिकडे जा. यात डॉर्सल स्ट्रायटम बिघडवलेले रॅट मागे पडले. आणि हिप्पोकॅम्पसचा रस्ता तोडलेले रॅट? ते मागे पडले नाहीत, उलट नॉर्मल रॅटपेक्षा लवकर शिकले! कारण नॉर्मल रॅटचा हिप्पोकॅम्पस खोलीतल्या जागा लक्षात ठेवून सांगत असतो की त्या वाटेचं आत्ताच खाल्लंय, परत नको जाऊ, आणि या टास्कमध्ये तोच सल्ला अडचणीचा. उलट प्रत्येक वाटेवर एकदाच खायला ठेवलं की हिप्पोकॅम्पस नसलेला रॅट परत परत त्याच वाटेला जातो आणि स्ट्रायटम बिघडलेला ठीक असतो. मॅकडॉनल्ड-व्हाईट यांनी यातच अमिग्डालाचं (आवड-भीतीशी जोडलेल्या भागाचं) तिसरं टास्क पण जोडलं, जिथे उजेडाच्या वाटेत खाल्लं होतं ती वाट नंतर आवडायला लागते का एवढंच बघायचं, आणि तिथे अमिग्डाला बिघडलेले रॅट अडकले. एकच मेझ, तेच खाणं, आणि तीन भाग तीन कामांना.

पॅकार्ड आणि मॅकगॉ यांचं १९९६ चं काम व्हिज्युअल कार्डाचं नाही, प्लस आकाराच्या मेझचं आहे, पण तुला ट्रेनिंगचे दिवस ठरवायला कामी येईल. ८ दिवस शिकवल्यावर बहुतेक रॅट "ती जागा" लक्षात ठेवून जातात, १६ दिवस शिकवल्यावर "असं वळायचं" या सवयीने. आठव्या दिवशी हिप्पोकॅम्पसमध्ये लिडोकेन हे बधिर करणारं औषध सोडून तो गप्प केला तर जागेची आठवण चालेनाशी होते. सोळाव्या दिवशी कॉडेट, म्हणजे स्ट्रायटमचाच भाग, गप्प केला तर सवय बाजूला होते आणि खालून जागेची आठवण परत वर येते, म्हणजे ती पुसली गेली नव्हतीच! आपल्याकडे बैलगाडीत माणूस झोपला तरी बैल बरोबर घराच्या फाट्याला वळतात ना, नव्या गावातून आणलेली जोडी पहिल्या आठवड्यात तसं करत नाही, तिला रस्ता बघावा लागतो. म्हणून कोणत्या दिवशी टेस्ट घेतली हे न लिहिता "हिप्पोकॅम्पसचा रोल नाही" असं लिहिणं अर्धवट आहे.

नियम उलटा केला तर काय, हेही तुला विचारतील. काल पांढऱ्यामागे खायला होतं, आज काळ्यामागे. चुडासमा आणि रॉबिन्स यांनी २००३ मध्ये टचस्क्रीनवर दाखवलं की ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स (मेंदूच्या पुढचा, डोळ्यांच्या वरचा भाग) बिघडलेला रॅट पहिला नियम छान शिकतो, पण उलटवल्यावर जुन्यालाच चिकटून राहतो. म्हणजे पहिल्या शिकण्यावर निकाल "काही फरक नाही" आणि उलटवल्यावर "मोठा फरक", जनावर तेच.

आणि रॉबर्ट थॉम्प्सन यांचं नाव तुझ्या यादीत नव्हतं, ते घाल. या माणसाने वर्षानुवर्षं रॅटच्या मेंदूत एकेक जागा खराब करून, नुसतं कार्ड ओळखणं नाही तर मेझ, उताराची फळी, कुलूप उघडायचे डबे असे अनेक प्रकार करून नकाशा काढला, १९९० मध्ये क्रिनेला आणि यू यांच्याबरोबर ते पुस्तकरूपात आलं. त्यांना काही जागा अशा मिळाल्या की तिथे इजा झाली की जवळजवळ प्रत्येक प्रकारचं शिकणं बिघडतं, त्यात ग्लोबस पॅलिडस, सब्स्टॅन्शिया नायग्रा, थॅलॅमसचा व्हेंट्रोलॅटरल भाग, मधला राफे, पॉन्समधला रेटिक्युलर भाग असे बरेच कॉर्टेक्सच्या खालचे भाग. मी यांना डीपी म्हणतो. दिसण्याशी त्यांचा खास संबंध नाही, पण ते गेले की दिसूनही उपयोग नाही. म्हणून व्हिज्युअल टास्कमध्ये चुकलेला रॅट दुसऱ्या, न बघता करायच्या टास्कमध्ये पण चुकतो का हे बघितल्याशिवाय "व्हिज्युअल लर्निंग बिघडलं" हे शब्द वापरू नको. मला या एका सवयीबद्दल फार कळकळ आहे कारण एक जास्तीचं टास्क लावलं असतं तर कितीतरी थिसिसचे निष्कर्ष बदलले असते.

जुन्या आणि नव्या निकालात फरक पडायचं आणखी एक कारण म्हणजे पद्धत. जुने लोक भाग जाळायचे, शोषून काढायचे किंवा करंट द्यायचे, त्यात त्या जागेतून नुसते जाणारे धागे पण तुटायचे. नंतर आयबोटेनिक अ‍ॅसिडसारखी द्रव्यं आली जी तिथल्या पेशी मारतात पण जाणारे धागे बरेचसे वाचतात. मस्किमॉल या औषधाने तर काही तासांपुरताच भाग गप्प करता येतो आणि दुसऱ्या दिवशी तोच रॅट स्वतःचा कंट्रोल. तुला यातलं काही करायची गरज नाही, तुझ्या प्रश्नाला लागत पण नाही, आणि एथिक्स कमिटी विचारेल की जे आधीच माहीत आहे त्यासाठी जनावरावर ऑपरेशन कशाला, आणि ते विचारणं योग्यच आहे.

आता तुझं स्कोपोलामाइन. हे औषध डोळ्याची बाहुली मोठी करतं, तोंड कोरडं करतं. बाहुली मोठी झालेला पांढरा रॅट, ज्याच्या डोळ्यात रंगद्रव्य नाही, त्याला उजेडात काय दिसत असेल? आणि तोंड कोरडं असताना साखरेची गोळी गोड लागेल का? मग तो चुकला तर ती स्मरणशक्ती, का नजर, का भूक? यासाठी एक ग्रुप मिथाइलस्कोपोलामाइनचा ठेव, ते मेंदूत फारसं जात नाही पण बाहुली आणि तोंडावर तेच काम करतं. दोन्ही ग्रुप सारखेच चुकले तर मेंदूचं नाव काढू नको.

शेवटचं, आणि उद्यापासून करायचं ते. क्रेचेव्हस्कीने १९३२ मध्येच सांगितलंय की रॅट सुरुवातीला उगाच धडपडत नाही, तो एकेक अंदाज लावून बघतो, आधी "नेहमी डावीकडे" असं काहीतरी. असा रॅट कार्ड न बघता ५० टक्के बरोबर येतो आणि तुला वाटतं तो शिकत नाहीये. म्हणून प्रत्येक ट्रायलला कार्डाचा रंग आणि बाजू दोन्ही लिही, बाजू अशी बदल की लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा एकाच बाजूला येणार नाही, कार्डं पुसून अदलाबदल कर म्हणजे वासावर शिकणार नाही, आणि दोन्हीकडे जाळीमागे गोळी ठेव म्हणजे खाण्याचा वास सारखा. क्रायटेरियन, म्हणजे रॅट शिकला असं मानायची पातळी, २० पैकी १८ बरोबर अशी धर, नुसत्या नशिबाने एवढं यायची शक्यता दहा हजारात दोन, आणि २० पैकी १५ धरलंस तर शंभरात दोन, चोवीस रॅट आणि रोजचं सेशन म्हटल्यावर तेवढं नशीब कुठेतरी लागतंच. पहिल्या चार दिवसांचा डेटा डावं-उजवं वेगळं काढून इथेच टाक, मी बघतो, आणि औषधाला हात त्याच्यानंतर लाव.